मागून मारलेली हाक

जर्मनांचा कापूस पहिल्यांदा कुणी उपटला, असं आमच्या लिगोम्बेत कुणालाही विचारा. प्रत्येक घरातून एकेक शूरवीर निघतो. कुणाचा बाप, कुणाचा मामा, कुणाचा तर म्हणे आंधळा आजोबा. सगळ्यांचं खरं मानलं तर एकेका रोपाला वीस वीस हात लागले असतील, आणि रोपं होती जेमतेम गुडघ्याएवढी. मी तिथे होते. उपटणारे तिघे होते. बाकीचे आम्ही बांधावर उभे राहून लटलट कापत होतो. हे मी गावात म्हटलं की माणसं तोंड वाकडं करतात, म्हणून हल्ली म्हणत नाही.

आज सांगायचं आहे ते एका बाईचं. तिने काही उपटलं नाही, काही जाळलं नाही, तिच्या नावाने कुणी ढोल बडवणार नाही. सोमोए तिचं नाव. तिला पुरून आज बारा दिवस झाले. पुरायला आम्ही पाच जण होतो, त्यातले दोघे खड्डा खणायला आणलेले.

मी लग्न होऊन या टेकडीवर आले तेव्हा सोमोए तिशीची असेल. तिचं घर आमच्या घराला लागून, मध्ये फक्त कसाव्याच्या कंदांची एक ओळ. मला तिने पहिल्या दिवशीच विचारलं, "चटई विणता येते का गं?" मी नाही म्हटलं. "मग काय नुसतं नवऱ्याचं तोंड बघत बसणार?" असं म्हणून ती जी हसली, की मला रडायला येत होतं ते राहूनच गेलं. मी तिला ताई म्हणायला लागले. ताडाच्या पानांच्या चटया तिच्यासारख्या सबंध माटुम्बी डोंगरात कुणी विणत नव्हतं. तिचा नवरा किंदांबा रानडुकरांसाठी खड्डे खणायचा. अबोल माणूस, पण हसला की कानापर्यंत हसायचा. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्यावरून सासरचे बोलायचे, तो मात्र तिला कधी एका शब्दाने बोलला नाही.

जर्मनांचा कापूस आला आणि सगळ्यांचीच दशा झाली. मुखियाच्या शेतावर गावाने राबायचं, कुणी उशिरा आलं की शिपायाने पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक काढायचा. आम्ही तिकडे त्यांची निंदणी करायचो आणि इकडे आमची ज्वारी डुकरं खाऊन जायची. किंदांबाला डुकरांचे खड्डे खणायलाही वेळ मिळेना. एकदा तो म्हणाला म्हणे, डुकरं परवडली, ती चाबूक तरी मारत नाहीत. ते कुणीतरी जाऊन सांगितलं आणि त्याला पंचवीस फटके बसले. आठ दिवस तो पोटावर झोपायचा आणि सोमोए पाला वाटून पाठीला लावायची. तेव्हापासून तो हसेनासा झाला.

त्याच साली नगारांबे गावच्या वैद्याचं औषध आमच्याकडे आलं. पाणीच ते, पण मंतरलेलं. त्यात एरंडाचं तेल, ज्वारीचे दाणे. ते अंगावर शिंपडलं की बंदुकीच्या गोळीचं अंगाला लागताक्षणी पाणी होतं, असं होतं ते. आता तरुण पोरं हे ऐकून हसतात. हसा बाबांनो. तुमच्या पाठीवर पंचवीस बसले असते तर तुम्हीही ते अंगावर घेतलं असतं. आम्ही मानलं. पुरतं मानलं, जसा सूर्य उगवतो हे मानतो तसं.

पण त्याचं पथ्य कडक होतं. पाणी अंगावर घेतलेल्या पुरुषाने बायकोजवळ जायचं नाही. लढाईत शस्त्राखेरीज दुसऱ्याच्या काडीलाही हात लावायचा नाही, लूट करायची नाही. आणि एकदा गावातून पाऊल टाकलं की मागे वळून बघायचं नाही, घरच्यांनीही मागून हाक मारायची नाही. औषध घेऊन आलेल्या माणसाने आम्हा बायकांना वेगळं बसवून हे तीनदा सांगितलं. एकाने पथ्य मोडलं तर सगळ्या रांगेचं पाणी मोडेल, म्हणाला. आम्ही माना डोलावल्या. सोमोएनेही डोलावली, माझ्या शेजारीच होती ती.

पुरुष पाच दिवस गावाबाहेरच्या झोपडीत वेगळे राहिले. माझा नवरा गोम्बाले त्यांच्यातच. आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. मी जेवण दुरून ठेवायची आणि तो दुरून उचलायचा. सहाव्या दिवशी सकाळी ते निघाले. कपाळाला ज्वारीच्या ताटांचे पट्टे, गळ्यात औषधाची बांबूची नळी. एकेचाळीस जण, एकामागे एक. आम्ही बायका वाटेच्या कडेला उभ्या होतो आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. रांग पुढे गेली. मला गोम्बालेची पाठ दिसत होती. त्याच्या डाव्या खांद्यावर भाजल्याचा एक जुना डाग होता, त्याच्याकडे मी बघत राहिले आणि जीभ दाताखाली धरून ठेवली.

तेवढ्यात सोमोए म्हणाली, "मीठ कुठे ठेवलंयस?"

किंदांबा थांबला. वळला. पुरता वळला, आणि कितीतरी महिन्यांनी कानापर्यंत हसला. "छपरात, तिसऱ्या वाशाला. वेडी कुठली," म्हणाला आणि परत चालायला लागला. रांग जराशी अडखळली. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. औषधवाला माणूस जमिनीकडे बघत राहिला. परत सगळं शिंपडायला वेळ नव्हता, खाली किनाऱ्याच्या वाटेवर दुसऱ्या टेकड्यांची माणसं थांबली होती. गेले ते.

पहिल्या बातम्या चांगल्या होत्या. कापसाचं गोदाम जाळलं, कारभारी पळाला, जर्मन होडीत बसून गेले. चार दिवस आम्ही नाचलो. सोमोएला मीच म्हटलं, बघ ताई, काही होत नाही तुझ्या हाकेने. ती माझ्या गळ्यात पडली होती.

मग नवे शिपाई आले, आणि एका दमात ढिगाने गोळ्या ओकणारी बंदूक आली. एकेचाळीसांतले सहा परतले. त्यांत किंदांबाचा धाकटा भाऊ मापांदे होता, डावा हात कोपरापासून गेलेला. गाव गोळा झालं. मापांदे उभा राहिला आणि त्याने सांगितलं की सगळ्यांत आधी किंदांबा पडला, कपाळात गोळी लागून. मग बाकीचे पडत गेले. गोम्बाले त्याच्यामागे चौथा की पाचवा. मापांदे म्हणाला, पाणी खरं होतं, मोडलं ते इथे, या गावात. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांचे डोळे एकाच घराकडे वळले.

पहिली मी गेले. खोटं कशाला बोलू? तिच्या उंबऱ्यावर थुंकणारी पहिली बाई मीच. ती चुलीपाशी बसली होती, तिचाही नवरा त्याच गोळ्यांनी गेला होता, आणि मी तिला म्हटलं, "खा आता मीठ."

तिने चुलीत लाकूड सरकवलं. मला वाटतं, तिला ते पटलेलंच होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जर्मनांनी कणग्या जाळल्या, उभी पिकं जाळली, आणि मग जी भूक आली ती तीन वर्षं हलली नाही. आम्ही रानातली कडू मुळं खणून, सात पाण्यांत उकळून खायचो. रानात सिंहांना माणसाची चटक लागली होती, म्हणून बायका दहा-दहाच्या घोळक्याने जायच्या. सोमोएला कुणी घोळक्यात घेतलं नाही. ती एकटी जायची, हातात एक कुदळ घेऊन. आम्हाला वाटायचं, आज काही ही परत येत नाही. ती यायची. आणि मला तिचा राग यायचा, की ही कशी येते आणि माझा माणूस कसा आला नाही.

भूक संपली, तिचं वाळीत पडणं संपलं नाही. आमच्याकडे चूल विझली तर शेजारून निखारा आणतात. तिच्याकडे कुणी निखारा मागितला नाही आणि तिला कुणी दिला नाही. त्यामुळे तिने आपली चूल कधी विझू दिली नाही, तापाने फणफणली तरी उठून लाकूड सरकवायची. झऱ्यावर ती भर दुपारी जायची, सगळ्या बायका पाणी भरून गेल्यावर. लग्नात, मयतात, कुणाच्या पोरीच्या न्हाणात तिला दळायला बोलावलं नाही. पोरं तिच्या दारावरून जाताना "मीठ, मीठ" करत पळायची. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं तेच करायला लागली, आणि त्या बिचाऱ्यांना ते का करायचं हेही ठाऊक नव्हतं. तिने मीठ सोडलं होतं, हे मला फार पुढे कळलं.

जर्मन गेले, इंग्रज आले. मापांदेला आधी साखळीत बांधून रस्त्याच्या कामावर नेलं होतं. सुटून आला तो गावचा वडीलधारा झाला. प्रत्येक बैठकीत, प्रत्येक मयताला तो ती गोष्ट सांगायचा. रांग, पाणी, हाक. सांगायचा छान, हे मान्य करायला हवं. उरलेला हात कपाळाला लावायचा आणि लोक ढसाढसा रडायचे. मीही रडायची.

मी दुसरं लग्न केलं नाही. मागणी आली नाही असं नाही, पण मन झालं नाही. मग एका वर्षी मला ताप भरला. तिसऱ्या दिवशी चूल विझली आणि मला उठवेना. ज्या बायकांसोबत मी वीस वर्षं झऱ्यावर बसून सोमोएची निंदा केली, त्यांच्यातली एक फिरकली नाही. चौथ्या दिवशी सकाळी दाराशी खापरात निखारे होते, वर राख पसरून नीट झाकलेले. कसाव्याच्या ओळीपलीकडे तिची पाठ दिसली. आत आली नव्हती ती, उंबऱ्याला शिवलीसुद्धा नव्हती. मी ते निखारे घेतले. लाज वाटली, पण घेतले.

तेव्हापासून मी तिच्या चटया बाजारात न्यायला लागले. तिच्या नावाने कुणी घेतल्या नसत्या, म्हणून मी माझ्या म्हणून विकायची. "तौसीचा हात बसलाय आता," असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. ते मी तिला येऊन सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून हसली. मी तिच्या अंगणात बसायची, ती विणायची. क्षमा मी कधी मागितली नाही. तिने तशी अपेक्षाही दाखवली नाही. दोन बायका, एकीचं दुसरीशिवाय कुणी नाही, आणि तरी आमच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा कायम मोकळी असायची.

एकदा मला राहवलं नाही. विचारलं, "ताई, हाक कशाला मारलीस गं?" कितीतरी वर्षांनी ताई म्हटलं मी तिला.

तिने पान पाण्यात बुडवलं, काढलं. म्हणाली, "मीठ कुठे आहे ते मला माहीत होतं. मीच त्याला दिलं होतं खोचायला, शिपायांना सापडू नये म्हणून. पाच दिवस त्याचं तोंड बघितलं नव्हतं तौसी. आणि निघाला तर नुसती पाठ."

मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. मला असूया वाटली. तिने तोंड पाहून घेतलं होतं. मी जीभ चावून उभी राहिले होते आणि मला आजही आठवतो तो भाजल्याचा डाग.

आता मापांदेचं सांगते. सात वर्षं झाली त्याला. छातीच्या दुखण्याने तो पार खंगला होता. एका दुपारी काठी टेकत टेकत सोमोएच्या अंगणात आला. मी होतेच तिथे. तेहतीस वर्षांत त्याने त्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. सोमोएने हातातली अर्धी विणलेली चटई त्याच्यासाठी अंथरली. तो बसला आणि बराच वेळ नुसता खोकत राहिला. मी उठायला लागले तर म्हणाला, "बस तौसी. तुझंही आहे यात."

मग त्याने सांगितलं. गोदाम जाळल्यावर सगळ्यांना जोर चढला होता. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या गावात शिरले. तिथे पळून गेलेल्या व्यापाऱ्याचं दुकान उघडं होतं. आधी एकाने कोंबडी उचलली, मग कुणी भांडं, मग कुणी काय. त्या गावातल्या बायकाही होत्या. मापांदे म्हणाला, "मीही एकीजवळ गेलो. पथ्याचं एक टोकही शिल्लक राहिलं नाही त्या दिवशी. एकटा दादा दुकानाबाहेर उभा होता. त्याने शेंगदाणासुद्धा उचलला नाही. आम्हाला शिव्या घालत होता. आणि दुसऱ्या दिवशी पहिला तोच पडला. सगळं मोडलेला मी हा असा बसलोय तुझ्यासमोर, वहिनी."

मी विचारलं, "गोम्बाले?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "लाल कापड घेतलं होतं त्याने. तौसीला आवडेल म्हणाला. कमरेला गुंडाळून लढायला आला होता."

मापांदे रडायला लागला. म्हणाला, परतल्यावर गावाला काहीतरी सांगायला हवं होतं. सहा जिवंत माणसं पस्तीस विधवांपुढे उभी होती. तुझी हाक सगळ्यांनी ऐकलेली होती. ती सोपी होती. आता मरायच्या आधी बैठकीत उभा राहून खरं सांगतो, तुझ्या पाया पडतो, तू एवढे दिवस हे भोगलंस.

मला वाटलं, आता सोमोए फुटेल. तेहतीस वर्षांचं बाहेर पडेल. मी तिच्या जागी असते तर त्याची काठी घेऊन त्यालाच बडवला असता.

ती म्हणाली, "नाही सांगायचं."

"वहिनी, अगं..."

"ऐक मापांदे. माझ्या हाकेने मोडलं, असं आहे तोवर ते पाणी खरं होतं. तोवर आपली माणसं शहाणी होती. खरं औषध घेऊन गेली आणि एका बाईने घात केला. तू म्हणतोस ते बैठकीत गेलं की लोक हिशोब मांडतील. मोडणारा जगला, पाळणारा मेला. म्हणजे पाणी नुसतं पाणी होतं. म्हणजे ओल्या अंगाने बंदुकीसमोर चालत गेलेले एकेचाळीस वेडे. माझा किंदांबा वेडा नव्हता. त्याला मी वेडा म्हणू देणार नाही, तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तर नाहीच."

"आणि तू?"

"मला सवय आहे," म्हणाली. "तू माझ्या चटईवरून ऊठ आता, अर्धीच झालीय ती."

एवढंच. तो उठला. चार महिन्यांनी गेला, आणि तिचं ऐकून काही न सांगताच गेला. त्याच्या मयतालाही कुणीतरी ती गोष्ट सांगितलीच. रांग, पाणी, हाक.

मी मात्र जिवंत होते. मला कुणी अडवलं नव्हतं. तिने सांगू नको म्हटलं ते मापांदेला, मला नाही. रोज झऱ्यावर जाताना मनात यायचं, आज बोलावं. या बायकांना एकदा तोंडावर सांगावं. आणि मग ते लाल कापड डोळ्यांपुढे यायचं. पथ्य खरं धरलं, तर माझ्यासाठी उचललेल्या कापडाने पाणी मोडलं. पथ्य खोटं धरलं, तर माझा गोम्बाले नुसत्या पाण्याने भिजून मेला. तिच्या हाकेवर ठेवलं की मी दोन्हींतून सुटत होते. तिने ते तिच्या नवऱ्यासाठी सोसलं. मी ते तिला सोसू दिलं, ते माझ्यासाठी. सात वर्षं रोज तिच्या अंगणात बसून, तिने भाजलेला कसावा खाऊन.

बारा दिवसांपूर्वी सकाळी तिची चूल थंड दिसली तेव्हाच मला कळलं. आम्ही तिला घराच्या मागे पुरलं. माती सारखी करून झाल्यावर कसाव्याच्या ओळीपलीकडे सात-आठ बायका येऊन उभ्या राहिल्या, नव्या पिढीच्या, कुणाच्या सुना, कुणाच्या नाती. ओळीच्या अलीकडे कुणी आलं नाही. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "आजी, तुम्ही तिच्याजवळ असायचात. शेवटी तरी कबूल केलं का तिने?"

मी हातांची माती झटकली.

"केलं," मी म्हटलं.